अन्न पोटात जाताच वाढणारे कॉर्टिसॉल : ॲड्रिनल ग्रंथीतील विपरीत ग्राहींविषयी



नित्य दर्शनास येणाऱ्या मंडळींमध्ये कधी कधी अशी एखादी व्यक्ती दिसते, की जिचा चेहरा वर्ष-दोन वर्षांत चंद्रासारखा वाटोळा झालेला असतो, पोट पुढे आलेले असते, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा दिसू लागलेला असतो, आणि हातपाय मात्र काटकुळे झालेले असतात. ओळखीचे लोक कौतुकाने म्हणतात, "तब्येत छान सुधारली हो!" घरची मंडळी म्हणतात, "जरा तोंड आवरा, दोन उपवास धरा." त्या व्यक्तीला स्वतःला मात्र मंदिराच्या पायऱ्या चढणे जड झालेले असते. जरासा धक्का लागला तरी अंगावर निळे-काळे डाग पडतात. पोटावर जांभळट, रुंद वळ उमटतात. रक्तदाब व साखर एकाच वेळी वाढते, झोप लागत नाही, मन उदास राहते. अशा चित्रामागे केवळ आहाराची हेळसांड नसून कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाचा अतिरेक असू शकतो. या विकारसमूहास कुशिंगचा विकार असे म्हणतात.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. लठ्ठपणा असलेल्या बहुतेक लोकांना हा विकार नसतो. दर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. आपल्या बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख होती. म्हणजे संबंध जिल्ह्यात वर्षाकाठी चार-पाच. प्रस्तुत लेखात ज्या प्रकाराचे वर्णन आहे तो तर या विकाराच्या शंभर रुग्णांपैकी दोघांतही आढळत नाही. मग इतक्या दुर्मिळ गोष्टीवर आरोग्यविषयक लेख कशासाठी, असा प्रश्न सभासदांना पडेल. त्याचे कारण असे, की या दुर्मिळ रुग्णांनी शरीराच्या आज्ञापालनाविषयी जे शिकविले ते अन्यत्र कोठे शिकावयास मिळाले नसते. आणि उपवास, फराळ व महाप्रसाद यांच्याशी त्याचा जो संबंध निघतो तो आपल्यासारख्या व्रतवैकल्ये पाळणाऱ्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. निरोगी माणसात एकेका ग्रंथीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने अर्ध्या तोळ्याहून कमी. तिच्या बाहेरील कवचाच्या मधल्या थरात कॉर्टिसॉल तयार होते; दिवसभरात साधारण १० ते २० मिलिग्रॅम. इतक्या अल्प द्रव्यावर रक्तातील साखर, रक्तदाब, सूज, रोगप्रतिकार आणि संकटात तग धरण्याची शक्ती अवलंबून असते. ते मुळीच नसेल तर माणूस जगत नाही. ते सतत जास्त राहिले, तर स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, त्वचा कागदासारखी पातळ होते व जंतुसंसर्ग सहज जडतो.

ही ग्रंथी आपल्या मनाने काम करीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि त्या आज्ञेनुसार ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. पहाटे ही आज्ञा जोरात असते, त्यामुळे सकाळी कॉर्टिसॉल सर्वांत अधिक. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पीयूषिका ते ओळखते व आपली आज्ञा थांबविते.

आता ग्राही म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर ज्यास रिसेप्टर म्हणतात तो ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणावर बसविलेला एक प्रथिनाचा रेणू होय. रक्तातून शेकडो संदेश सर्व शरीरभर फिरत असतात, परंतु ज्या पेशीवर ज्या संदेशाचा ग्राही असेल तेवढाच संदेश तिला ऐकू येतो. मंदिरातील उदाहरण घ्यावयाचे तर काकड आरतीची घंटा वेगळी, नैवेद्याची वेगळी आणि भोजनशाळेतील महाप्रसादाची वेगळी. आरतीच्या सेवेकऱ्याने आरतीच्या घंटेलाच निरांजन उजळावे अशी व्यवस्था असते. समजा, हा सेवेकरी महाप्रसादाच्या घंटेलाही निरांजन उजळू लागला, तर दर पंगतीला आरती सुरू होईल. मुख्य पुजारी पाहतील की आरती तर चालूच आहे, म्हणून ते आपली घंटा वाजविणेच बंद करतील. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र वाटेल की हा सेवेकरी कोणाचे ऐकतच नाही, मनाला येईल तेव्हा आरती करतो. वैद्यकशास्त्राची नेमकी अशीच फसगत अनेक वर्षे झाली.

अमेरिकेतील शस्त्रवैद्य हार्वी कुशिंग यांनी १९१२ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले व १९३२ साली त्याचा संबंध पीयूषिकेतील बारीक गाठीशी जोडला. बहुसंख्य रुग्णांत तेच कारण असते : पीयूषिका अधिक आज्ञा देते आणि ॲड्रिनल ती पाळते. पुढे १९६४ पासून वेगळ्याच प्रकारच्या रुग्णांची नोंद होऊ लागली. त्यांच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी मोठमोठ्या गाठींनी भरलेल्या असत, कधी कधी नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही जड. कॉर्टिसॉल अधिक असे, आणि रक्तातील एसीटीएच मात्र जवळजवळ शून्य. आज्ञा देणारा गप्प असताना काम कोणाच्या सांगण्यावरून चालले आहे? उत्तर सापडेना, तेव्हा या ग्रंथींना 'स्वायत्त' हे विशेषण चिकटले. कारण न कळलेल्या गोष्टीस भारदस्त नाव देण्याची सवय शास्त्रालाही असते.

कोडे सुटले ते १९९२ साली, आणि तेही एकाच वेळी दोन ठिकाणी. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आंद्रे लाक्रुआ व त्यांचे सहकारी, आणि फ्रान्समध्ये यीव्ह रेझनिक व त्यांचे सहकारी, यांच्याकडे पन्नाशीला आलेली एकेक स्त्री रुग्ण होती. दोघींचेही सकाळचे, उपाशीपोटीचे कॉर्टिसॉल कमी भरत असे, आणि जेवणानंतर ते चढत जाई. निरोगी माणसात सकाळी अधिक व रात्री कमी असा जो क्रम असतो तो येथे पार उलटलेला. कॉर्टिसॉलचे घड्याळ सूर्यावर न चालता पंगतीवर चालत होते.

मॉन्ट्रियलच्या वैद्यांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. रुग्णेस साखर तोंडाने दिली तेव्हा कॉर्टिसॉल वाढले. तीच साखर शिरेतून दिली तेव्हा वाढले नाही. म्हणजे रक्तातील साखरेचा दोष नव्हता. अन्न आतड्यातून जात असता तेथून जो संदेश निघतो तो ॲड्रिनलला ऐकू येत होता. हा संदेश जीआयपी या नावाचा आहे. लहान आतड्याच्या वरच्या भागातील पेशी साखर, पिष्ट व स्निग्ध पदार्थ येताच तो रक्तात सोडतात, आणि अन्न आले आहे, इन्शुलिन तयार ठेवा, अशी सूचना स्वादुपिंडास देतात. तो ॲड्रिनलसाठी कधीच नव्हता. या स्त्रियांच्या ॲड्रिनल पेशींवर मात्र जीआयपीचे ग्राही उगवले होते. अलीकडे मधुमेह व वजन यांसाठी जी नवी इंजेक्शने भारतातही मिळू लागली आहेत, त्यांतील तिर्झेपाटाइड हे औषध याच जीआयपीच्या ग्राहीवर काम करते, त्यामुळे हे नाव काही वाचकांच्या कानावर आले असेल.

ग्राही वेगळा असला तरी पेशीच्या आतील यंत्रणा तीच असते. एसीटीएचचा ग्राही हलला की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा दुय्यम निरोप्या तयार होतो व तो कॉर्टिसॉलचा कारखाना सुरू करतो. हा निरोप्या शोधणारे अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जीआयपीचा ग्राहीही त्याच निरोप्यास जागा करतो. कारखान्याच्या दृष्टीने बटण कोणी दाबले याला महत्त्व नाही. फरक एवढाच, की एसीटीएचला आवर घालणारी व्यवस्था आहे, तर जीआयपीला नाही. कॉर्टिसॉल कितीही वाढले तरी आतडे पुढच्या जेवणाला पुन्हा तोच संदेश पाठविणार.

आता आपल्या विषयाकडे. अशा रुग्णाने रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी सकाळी जावे, तर अहवालात कॉर्टिसॉल कमी किंवा बेताचे येते आणि रोग हातातून निसटतो. आपल्याकडे 'तपासणी म्हणजे उपाशीपोटी' हे समीकरण इतके पक्के आहे की ही शक्यता ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसरी गोष्ट उपवासाची. आपला एकादशीचा फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा, दाण्याचे कूट, तूप, राजगिऱ्याचे लाडू. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यासाठी केली आहे. व्रताच्या दृष्टीने हा उपवास असेलही, पण आतड्याच्या दृष्टीने हे पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांचे उत्तम भोजन होय, व जीआयपी त्यालाही तितक्याच तत्परतेने धावून येते. मग निर्जळी उपवास केल्यास हा विकार बरा होईल काय? तसे मुळीच समजू नये. काही तास कॉर्टिसॉल खाली येईल, पण ग्राही जागचे हलणार नाहीत, आणि ज्याचे स्नायू व हाडे आधीच झिजली आहेत त्याला उपासमार सोसणारी नाही. रोग्यास व्रतातून सूट देण्याची आपली परंपरा जुनी आहे, तिचा लाभ निःसंकोच घ्यावा.

जीआयपीचे उदाहरण एकदा सापडल्यावर शोधकांनी इतर संदेशांकडेही लक्ष वळविले, आणि एकेक नवा प्रकार पुढे येऊ लागला. काही रुग्णांत उभे राहिले की कॉर्टिसॉल वाढते, कारण उभे राहताना वाढणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकास त्यांची ॲड्रिनल अवाजवी प्रतिसाद देते. काहींत श्रमाच्या व भीतीच्या वेळी स्रवणाऱ्या ॲड्रिनॅलिन गटातील द्रव्यांचे ग्राही आढळतात. अशा एका रुग्णास १९९७ साली प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे परिचित औषध देऊन कॉर्टिसॉल आटोक्यात आणल्याचे लाक्रुआ यांच्या गटाने प्रसिद्ध केले. सिरोटोनिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्रंथीही आढळल्या.

सर्वांत विलक्षण वृत्तांत १९९९ सालचा आहे. एका स्त्रीस गर्भारपणात कुशिंगची लक्षणे दिसत व प्रसूतीनंतर ती ओसरत. पुढे पाळी कायमची थांबल्यावर मात्र लक्षणे आली ती गेलीच नाहीत. तिच्या ॲड्रिनलवर बीजकोशास उद्देशून असलेल्या एलएच संप्रेरकाचे ग्राही होते. गर्भारपणात वारेतून येणारे संप्रेरक त्याच ग्राहीवर बसते, आणि पाळी थांबल्यावर एलएच कायमच उंच राहते. म्हणून हा क्रम. एलएच खाली आणणारे ल्युप्रोलाइड हे औषध देताच तिचे कॉर्टिसॉल ताब्यात आले व शस्त्रक्रिया टळली. आपल्याकडे गर्भारपणात चेहरा भरणे, पाळी थांबल्यावर अंग सुटणे या गोष्टी 'बायकांचे असायचेच' म्हणून सोडून देण्याची रीत आहे. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण अंगावर जांभळे वळ, सहज पडणारे डाग आणि पायऱ्या चढताना मांड्यांत येणारी अशक्तता हे त्यासोबत दिसेल, तर ते असायचेच नव्हे. घरातील स्त्रीने स्वतः तक्रार करीपर्यंत थांबू नये, कारण ती बहुधा करीत नाही.

हे भलते ग्राही उगवतात तरी का? शरीरातील प्रत्येक पेशीत सर्व ग्राहींची कृती जनुकांच्या रूपाने लिहिलेली असते. कोणती कृती उघडावयाची व कोणती मिटून ठेवावयाची हे पेशीगणिक ठरते. जीआयपीचा विकार असलेल्या रुग्णांत मिटून ठेवण्याच्या या कामात भाग घेणारे केडीएम१ए हे जनुक बिघडलेले असते, असे २०२१ साली पुढे आले. त्यापूर्वी २०१३ साली पॅरिसच्या जेरोम बेर्तेरा यांच्या गटाने एआरएमसी५ हे दुसरे जनुक शोधले. त्यांनी तपासलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या ३३ रुग्णांपैकी १८ जणांत त्यात दोष होता. या जनुकाची एक बिघडलेली प्रत जन्मतः मिळते व दुसरी पुढे ग्रंथीतील एखाद्या पेशीत बिघडते, तेव्हा तेथे गाठ धरते. त्यामुळे हा विकार हळूहळू, बहुधा पन्नाशी-साठीत प्रकट होतो. शिवाय या गाठींतील एकेक पेशी कॉर्टिसॉल बनविण्यात तशी मंदच असते. पेशींची संख्या फार झाल्यावरच अतिरेक जाणवतो. एका रुग्णात जनुकदोष सापडला तर भावंडांची व मुलांची तपासणी करता येते.

त्याच २०१३ साली आणखी एक आश्चर्य उघड झाले : या गाठींतील काही पेशी स्वतःच एसीटीएच तयार करतात व शेजारच्या पेशींना चेतवितात. भलत्या ग्राहींवर आलेला संदेश हे स्थानिक एसीटीएचही वाढवितो. रक्तात ते सापडत नव्हते, कारण ते ग्रंथीच्या आतच खर्ची पडत होते. 'स्वायत्त' ही समजूत येथे पुरती ढासळली.

निदानासाठी प्रथम कॉर्टिसॉलचा अतिरेक सिद्ध करावा लागतो : रात्री उशिरा लाळेतील कॉर्टिसॉल, चोवीस तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉल, किंवा रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन दुसऱ्या सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल. नंतर एसीटीएच मोजतात, व ते दबलेले असल्यास ॲड्रिनलचे सीटी स्कॅन. ग्राही ओळखण्याची परीक्षा विशेष केंद्रांतच होते. रुग्णास झोपवून, उभे करून, जेवू घालून व काही संप्रेरके टोचून दर अर्ध्या-एक तासाने रक्त तपासतात. एखाद्या कृतीने कॉर्टिसॉल मूळच्या निम्म्याने किंवा अधिक वाढले तर तो प्रतिसाद ग्राह्य धरतात. आपल्या भागातील लोक गोंदिया व नागपूर येथे उपचारांस जातातच. अंतःस्राव तज्ज्ञाकडे जावे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा अंतःस्राव विभाग कुशिंगच्या रुग्णांवरील कामासाठी देशभर ओळखला जातो.

उपचारांत ग्राही अडविणारी औषधे ऐकावयास मोहक वाटतात, पण ती मोजक्याच रुग्णांना लागू पडतात. जीआयपीचा स्राव रोखणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचा गुण फ्रान्समधील रुग्णेस आला, तथापि अशा रुग्णांत तो बहुधा काही काळच टिकतो. म्हणून शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग. पूर्वी दोन्ही ग्रंथी काढीत. आता विकार सौम्य असल्यास मोठी ग्रंथी तेवढी काढण्याकडे कल आहे. दोन्ही काढल्यास हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन या गोळ्या आजन्म, एक दिवसही न चुकता घ्याव्या लागतात.

येथे एका फार नेहमीच्या गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. तोच वाटोळा चेहरा, तेच वळ व तेच डाग आपल्या गावोगावी ज्या कारणाने सर्वाधिक दिसतात ते ॲड्रिनलमध्ये नसून कागदाच्या पुडीत असते. सांधेदुखी व दमा यांवर 'एका दिवसात गुण' देणाऱ्या निनावी पुड्या व गोळ्या यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले असते. चेहरा उजळण्याच्या मलमांतही स्टिरॉइड असते. बाहेरून मिळालेले हे कॉर्टिसॉलसदृश द्रव्य पाहून पीयूषिका आज्ञा देणे थांबविते व ॲड्रिनल ग्रंथी निजून जातात. त्यामुळे पुडी वाईट आहे असे कळताच ती त्याच दिवशी फेकून देणे हेही धोक्याचे. निजलेली ग्रंथी जागी व्हावयास आठवडे किंवा महिने लागतात. पुडी, चिठ्ठी जे असेल ते घेऊन डॉक्टरांकडे जावे व मात्रा क्रमाने उतरवावी. तज्ज्ञाने विचारपूर्वक लिहून दिलेले स्टिरॉइड हे मात्र अनेकांचे प्राण राखते, ते या लेखाच्या आधारे कोणी बंद करू नये.

उत्सवाच्या दिवशी रांगेची व्यवस्था पाहणाऱ्या सेवेकऱ्यांसाठी एक सूचना. ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी काढलेल्या आहेत किंवा जे दीर्घकाळ स्टिरॉइड घेतात त्यांनी उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यावी, पाण्यासह घ्यावी, आणि आजाराची चिठ्ठी खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी. ताप, जुलाब किंवा मार लागणे अशा प्रसंगी त्यांना अधिक मात्रा लागते. असा भाविक रांगेत उलट्या होऊन, घाम सुटून खाली बसला, तर उपवासाची भोवळ समजून लिंबू-सरबत देत बसू नये. चिठ्ठी पाहावी, आणि त्यास तत्काळ रुग्णालयात नेऊन "ॲड्रिनलचा रुग्ण आहे, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागेल" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. प्रौढांना सामान्यतः १०० मिलिग्रॅम देतात, व ते जितके लवकर मिळेल तितके बरे.